थर्मासमधला बर्फ

आमच्या घरी माळ्यावर एक जुना थर्मास आहे. रुंद तोंडाचा, निळा, झाकणाचे आटे झिजलेले. दर दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याला द्यायचा की नाही यावर घरात वाद होतो आणि दर वेळी तो पुन्हा माळ्यावर जातो. परवा नातवाला सांगू लागलो, की यातून मी बुळकांडीची लस वाहून नेत असे. त्याने लगेच विचारले, "आजोबा, बुळकांडी म्हणजे काय?"

शेवगावात वाढलेल्या, चुलत्याच्या गोठ्यात रोज पडून असणाऱ्या पोराला हा शब्द ठाऊक नसावा, याचा मला क्षणभर रागच आला. मग स्वतःचेच हसू आले. त्याला तो शब्द ठाऊक नाही, हीच तर आमच्या खात्याची कमाई!

माझ्या आजीला मात्र तो पुरता ठाऊक होता. तिच्या माहेरी दावणीला बारा जनावरे होती. एका पावसाळ्याच्या तोंडाशी पहिल्या बैलाच्या डोळ्यांना धार लागली, तोंडात फोड आले, त्याने वैरण सोडली आणि चौथ्या दिवशी जुलाब सुरू झाले. पंधरवड्यात नऊ जनावरे गेली. उरलेल्या तिघांत नांगराला जोडी लागेना, म्हणून त्या साली तिच्या वडिलांनी अर्धे रान पडीक टाकले. गावाने मरीआईचा गाडा केला आणि वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडला. पुढच्या गावाने तो त्याच्या पुढच्या शिवेवर नेला. आजी हे सांगताना हात जोडायची. मी पुढे खात्यात शिकलो ते असे, की रोग गाड्याबरोबर जात नव्हता. तो बाजाराच्या वाटेने, एका हौदावर पाणी पिणाऱ्या गुरांच्या श्वासातून जात होता. पण त्या गाड्याला हसावेसे मला कधी वाटले नाही. दुसरे काही करता येत नसताना माणसे जे करतात, ते त्यांनी केले.

या रोगाने जगाचा इतिहास हलवला आहे. फ्रान्समध्ये लियोंला 1761 साली पहिले पशुवैद्यक विद्यालय निघाले, त्यामागे गुरांच्या या साथीचीच धास्ती होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती आफ्रिकेत शिरली आणि तिथल्या गुरांचे कळपच्या कळप संपले. इथिओपियात तर माणसांचा महाभयंकर दुष्काळ पडला. आपल्याकडे इंग्रज सरकारने गुरांच्या साथींवर आयोग नेमला, त्याचा अहवाल 1871 चा. आणि हे आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे, की या रोगावर संशोधन करण्यासाठी देशातली पहिली प्रयोगशाळा 1889 साली आपल्या पुण्यात, कॉलेज ऑफ सायन्समध्ये सुरू झाली. अल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख. पण इतका सांसर्गिक रोग गजबजलेल्या, उष्ण गावात हाताळणे धोक्याचे, म्हणून 1893 मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. 1897 साली खुद्द रॉबर्ट कॉख तिथे येऊन गेले. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच. तिथेच एडवर्ड्स यांनी 1920 च्या दशकात हा विषाणू शेळ्यांमधून पुन्हा पुन्हा काढून सौम्य केला आणि त्याची लस बनवली. 1954 मध्ये देशाने बुळकांडी निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला, तो तिच्याच भरवशावर. पुढे केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी पेशींवर वाढवलेली लस आणली. एकदा टोचली की जनावराला जन्माची पुरायची. माझ्या थर्मासमधली ती हीच.

मी डॉक्टर नव्हे. लोक डॉक्टर म्हणत, अजूनही म्हणतात. पण हुद्द्याने मी स्टॉकमन, पुढे पशुधन पर्यवेक्षक. सायकलच्या कॅरिअरला थर्मास, खांद्याला पिशवी. बर्फ नगरहून एसटीने यायचा, लाकडाच्या भुशात गुंडाळून. लस कुपीत वाळवलेली असे. थंड पाण्यात विरघळवली की काही तासांतच संपवायची, आणि तेवढा वेळ ती गार राहिली पाहिजे. उन्हात राहिली तर आतला विषाणू मरतो आणि आपण नुसते पाणी टोचतो. बाहेरून पाहून काही म्हणजे काही कळत नाही.

आता जे सांगतो ते मी घरातही फारसे बोललेलो नाही. 1980 च्या दशकातली, एका एप्रिलमधली गोष्ट. गोदाकाठच्या एका गावी (नाव नको) दवंडी दिलेली होती. वाटेत सायकल पंक्चर झाली, दोन तास मोडले. पोहोचलो तर चावडीपुढे शंभरावर जनावरे बांधलेली, माणसे सकाळपासून कामे टाकून उभी. थर्मास उघडला, तर बर्फाचे पाणी झालेले आणि ते पाणीही कोमट. नियमाप्रमाणे लस ओतून देऊन माघारी यायला हवे होते. पण मागच्या खेपेलाही लस संपली म्हणून त्याच गावाला परत पाठवलेले. आज नाही म्हटले तर पुन्हा कुणी जनावर आणणार नाही, असे मी मनाशी म्हणालो. आणि टोचली. शंभरावर जनावरांना, एकेकाला धरून. लोकांनी चहा पाजला. निघताना एका म्हातारीने ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा पिशवीत टाकल्या.

त्या गावात साथ आली नाही. म्हणून माझे चुकले नाही, असे म्हणता येत नाही. आसपासच्या गावांत लस नीट टोचलेली होती, त्यांनी या गावाला सांभाळले असावे. पण पुढची दोन वर्षे त्या बाजूने जनावर आजारी असल्याचा निरोप आला, की माझ्या पोटात गोळा येई. नंतर एका फेरीत गाव पुन्हा करून घेतले. रजिस्टरात मात्र पहिली नोंद तशीच राहिली.

या सगळ्यात जंगली जनावरांचे काय, असा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. बुळकांडी गव्यांना होते, हरणांना होते, रानडुकरांनाही होते. 1968 मध्ये बंदीपूर-मुदुमलाईच्या रानात गव्यांचे कळप तिने झोपवले. मग गावातली गुरे टोचून उपयोग काय, रोग रानात दबा धरून बसेल आणि परत येईल, असे पुष्कळांना वाटे. उत्तर मिळाले ते आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत. तिथे रानाभोवतीच्या पाळीव गुरांना लस दिली. रानातल्या एकाही जनावराला नाही. तरी रानातला रोग विझला. गुरांसारख्या दिसणाऱ्या विल्डेबीस्ट नावाच्या हरणांची संख्या 1960 च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास होती, ती 1970 च्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांवर गेली. रान गुरांना आजारी पाडत नव्हते. आपली गुरे रानाला आजारी पाडत होती. मला हा शोध फार मोठा वाटतो. दोष नेहमी रानाचा, ही आपली जुनी सवय.

भारतातली शेवटची बुळकांडी 1995 सालची. त्यानंतरचे काम सगळ्यांत अवघड होते, कारण ते न करण्याचे काम होते. लस दिलेल्या आणि रोग होऊन गेलेल्या जनावराचे रक्त तपासले तर दोन्हीकडे सारखीच खूण सापडते. रोग खरोखर संपला हे जगाला दाखवायचे, तर लस थांबवायला हवी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती टप्प्याटप्प्याने थांबली. ज्या गावांत आम्ही हातापाया पडून जनावरे आणवली, तीच माणसे आता दवाखान्यात येऊन लस मागत आणि आम्ही नाही म्हणत असू. "सरकारनं पैसा वाचवला," असे तोंडावर ऐकले आहे. आम्ही रक्ताचे नमुने घेत, गावोगाव विचारत हिंडत होतो: डोळ्याला पाणी, तोंडात फोड, जुलाब, असे जनावर पाहिले का? 2006 मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला. जगातला शेवटचा नोंदलेला रोगी 2001 सालचा, केनियातला एक रानरेडा. 2011 मध्ये साऱ्या जगातून रोग गेल्याचे जाहीर झाले. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसलेला हा दुसरा रोग, आणि जनावरांचा पहिला. आमच्या दवाखान्यात त्या दिवशी कुणी पेढासुद्धा वाटला नाही. मी निवृत्त होतो; पेपरात चार ओळी वाचल्या.

तिची धाकटी बहीण अजून आहे. शेळ्यामेंढ्यांची, पीपीआर नावाची. 2016-17 च्या हिवाळ्यात मंगोलियात ती पाळीव कळपांतून सायगा हरणांत गेली आणि हजारो हरणे मेली. 2030 पर्यंत तिलाही संपवायचे जगाने ठरवले आहे. आपल्या जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य आहे, सव्वादोन चौरस किलोमीटरचे. काळवीट कुंपणापुरते थोडेच चरतात! मेंढरांचे कळप आणि ती एकाच माळावर तोंड घालतात. धनगराच्या मेंढीला टोचलेली सुई काळविटालाही राखते, हे मी आमच्या तरुण डॉक्टरांना भेटेल तेव्हा सांगतो. ते ऐकून घेतात.

2022 च्या पावसाळ्यात लंपी आली. जनावरांचे बाजार बंद झाले, घोडेगावचा बाजारतळही ओस पडला. आमच्या गल्लीच्या टोकाला एक ऊसतोड कुटुंब राहते. उचल घेतलेली, दिवाळीनंतर टायरगाडी घेऊन कारखान्यावर जायचे, आणि जोडीतल्या एका बैलाच्या अंगावर गाठी उठल्या. लंपी डास-माश्या-गोचिडांनी पसरते, तेव्हा बुळकांडीसारखी शिवेवर अडवता येत नाही. शेळ्यांच्या देवीची लस तिच्यावर चालते, ती तालुक्यात आली होती. गाठी आलेला बैल वाचला, पण पाय सुजून बसला. नवा घ्यायला बाजार नव्हता. नवराबायको त्या साली गाडीविना गेली, डोक्यावर मोळ्या वाहायला.

त्याच्या जोडीदाराला लस टोचायला दवाखान्यातला पोरगा आला, तेव्हा मी दावणीशी उभा होतो. बैल मी धरला. त्याने डब्यातून बाटली काढली. "एक मिनिट," म्हणालो आणि ती त्याच्या हातातून घेतली. तो हसला. "काका, फ्रीजमधूनच आणलीय."

मी तरी मुठीत धरून पाहिली. गार होती.