पाइनच्या रांगांमधली चराई

अमेरिकेच्या आग्नेय भागात, विशेषतः जॉर्जिया, अलाबामा आणि फ्लोरिडात, लाकडासाठी लावलेल्या पाइनखाली मांसासाठी पाळलेली गुरे चरतात. ही चराई लागवडीहून जुनी आहे. तिथल्या लाँगलीफ पाइनच्या नैसर्गिक वनात गुरे मोकाट फिरत आणि हिवाळा सरता सरता गुराखी वाळले गवत पेटवून देत. जळिताच्या जागी फुटणारे वायरग्रासचे कोवळे पाते गुरे आवडीने खातात. उन्हाळा आला की तेच राठ होते. पुढे गुरे मोकाट सोडण्यावर बंदी घालणारे कुंपणाचे कायदे आले (फ्लोरिडात १९४९ साली), आणि कागदाच्या लगद्यासाठी स्लॅश व लॉबलॉली पाइनची सलग लागवडही वाढली.

सलग लागवडीत गवताचा खरा वैरी म्हणजे सावली. झाडे ८ × १२ फुटांवर लावली, तर एकरी सुमारे ४५४ बसतात. काही वर्षांत शेंडे भिडतात, खाली सुयांचा थर साचतो आणि चारा संपतो. झाडे विरळ लावावीत, तर फांद्या जाड होऊन लाकडात गाठी पडतात. यावरचा तोडगा मांडणीत सापडला: आठ फुटांवर दोन ओळी, ओळीत दर चार फुटांवर झाड, मग चाळीस फुटांचा मोकळा पट्टा. हिशेब केला तर प्रत्येक झाडाच्या वाट्याला पूर्वीइतकीच ९६ चौरस फूट जागा येते. स्लॅश पाइनवरील प्रयोगांत अशा जोडओळींनी लाकूड जवळपास तेवढेच दिले. चारा मात्र कितीतरी जास्त मिळाला. पट्ट्यात बहुधा बाहिया गवत पेरतात. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले, तुडवणे सोसणारे.

नव्या रोपवनात चराईबंदी पाळावी लागते, पण ती दोन-तीन वर्षांपुरतीच असते. गाय पाइनची रोपे क्वचितच खाते. नुकसान होते ते खुरांनी आणि अंग घासल्याने. म्हणून मिठाची वीट आणि पाणी रोपांपासून दूर ठेवतात. पश्चिमेकडच्या पाँडेरोसा पाइनचा धोका वेगळा आहे: त्याच्या सुयांतील आयसोक्युप्रेसिक आम्लाने शेवटच्या तीन महिन्यांतील गाभण गाई गाभ टाकतात.

मोठ्या ओंडक्यांचे पैसे यायला पंचवीस-तीस वर्षे लागतात. वासरे दरवर्षी विकता येतात. पंधराव्या वर्षाच्या सुमारास विरळणी केली की लगद्याचे लाकूड मिळते आणि जमिनीवर पुन्हा ऊन पडते. विरळणी लांबवली, तर आधी गवत जाते आणि मग गुरांचे उत्पन्न.