दारात वॉरंट आले तर...

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. या म्हणीने मध्यमवर्गीय घरांचे किती नुकसान केले याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. पण साध्यासुध्या माणसांच्या नावाने निघणाऱ्या कितीतरी वॉरंटांच्या मुळाशी हीच म्हण असते. घरी कोर्टाचा कागद येतो. त्यावर शिक्का, खटल्याचा क्रमांक आणि तारीख असते. ‘आपण काही केलेलेच नाही, मग जायचे कशाला?’ असे म्हणून तो कागद कपाटात जातो. दोन-तीन तारखा उलटतात आणि एका सकाळी हवालदार दारात उभा राहतो. आता त्याच्या हातातला कागद वेगळा असतो.

पहिला कागद होता समन्स, म्हणजे न्यायालयात हजर राहण्याचे बोलावणे. दुसरा असतो वॉरंट, म्हणजे त्या माणसाला पकडून आणण्याचा न्यायालयाने पोलिसांना दिलेला हुकूम. समन्स आरोपीलाच येते असे नाही. अपघात पाहिलेल्याला, पंचनाम्यावर सही केलेल्याला, बँकेत एखादी नोंद करणाऱ्या कारकुनालाही साक्षीसाठी समन्स येते; आणि समन्स मिळूनही तो गेला नाही, तर त्याच्याही नावाने वॉरंट निघू शकते. ‘मी तर नुसता साक्षीदार’ ही सबब इथे चालत नाही.

गृहिणींनी लक्षात ठेवावा असा एक बदल अलीकडे झाला आहे. समन्स ज्याच्या नावाचे आहे तो शोधूनही सापडला नाही, तर त्याची प्रत घरातील ‘प्रौढ पुरुषा’कडे द्यावी, असे १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत लिहिलेले होते. घरातील बाईच्या हाती दिलेले समन्स कायद्याच्या लेखी पोचतच नसे. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि त्यातून ‘पुरुष’ हा शब्द गेला. आता पत्नीने, आईने किंवा सज्ञान मुलीने सही करून घेतलेले समन्सही पोचले असेच धरले जाते. तेव्हा सही केल्यावर तो कागद ज्याचा त्याला त्याच दिवशी देणे बरे. घरातील नोकर मात्र या कामासाठी कुटुंबातला मानला जात नाही.

वॉरंट दोन तऱ्हेचे

जामीनपात्र वॉरंटावर न्यायालयाने रक्कम, जामीनदारांची संख्या आणि हजर राहण्याची तारीख लिहिलेली असते. त्याप्रमाणे जामीन लिहून दिला, की वॉरंट घेऊन आलेल्या पोलिसाने त्या माणसाला सोडायचे असते. अजामीनपात्र वॉरंटात पोलिसाला ही मुभा नाही. त्याने माणसाला न्यायालयासमोर नेऊन उभे केलेच पाहिजे, सोडायचे की नाही हे न्यायाधीश ठरवतील.

इथे अनेकांचा एक गोंधळ होतो. गुन्हा जामीनपात्र असला, म्हणजे वॉरंटही जामीनपात्रच निघेल असे नाही. चेक न वटल्याचा खटला घ्या. हा गुन्हा जामीनपात्र आहे, पण आरोपी वारंवार गैरहजर राहिला तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अजामीनपात्र वॉरंट काढू शकते. अर्थात ते ऊठसूट काढू नये. आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि तरीही माणूस मुद्दाम टाळतो आहे असे दिसले तरच अजामीनपात्र, असा क्रम सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये इंदर मोहन गोस्वामी खटल्याच्या निकालात सांगितला आहे.

दुसरा गैरसमज याहून महाग पडतो. ‘पाच वर्षे झाली, आता वॉरंट संपले असेल,’ असे लोक समजतात. वॉरंटाला मुदत नसते. ज्या न्यायालयाने ते काढले ते रद्द करीपर्यंत, किंवा त्याची बजावणी होईपर्यंत, ते जिवंत राहते. शिवाय ते भारतात कुठेही बजावता येते. पुण्यातले घर सोडून बडोद्याला किंवा इंदूरला बिऱ्हाड हलवलेल्या माणसाला जुन्या पत्त्यावर गेलेल्या समन्सांचा पत्ताच नसतो आणि वॉरंट मात्र त्याला शोधत नव्या गावी येऊ शकते. अशा वेळी पोलिसांनी त्याला थेट पुण्याला न्यायचे, असेही नाही. वॉरंट काढणारे न्यायालय तीस किलोमीटरच्या आत किंवा अधिक जवळ नसेल, तर त्याला आधी तिथल्याच न्यायदंडाधिकाऱ्यापुढे किंवा तिथल्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढे नेले जाते. गुन्हा जामीनपात्र असेल आणि माणूस जामीन द्यायला तयार असेल, तर त्याची सुटका तिथेच होऊ शकते.

वॉरंट निघाल्याचे कळले, तर करायचे काय? बहुतेक घरांत पहिली प्रतिक्रिया ‘साहेब गावाला गेलेत’ असे सांगण्याची असते. यासारखी वाईट युक्ती नाही. वॉरंट बजावणी न होता परत गेले आणि माणूस फरारी आहे किंवा लपून बसला आहे असे न्यायालयाला वाटले, तर जाहीरनामा निघतो. त्यात हजर होण्यासाठी किमान तीस दिवस दिले जातात आणि मालमत्तेवर जप्तीही येऊ शकते. जाहीरनाम्यानंतरही न येणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे मूळ तक्रार किरकोळ आणि न गेल्याची शिक्षा मोठी, असा उफराटा प्रकार होतो.

सरळ मार्ग असा, की वकिलाला घेऊन त्याच न्यायालयात स्वतः हजर व्हावे आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा. गैरहजेरीचे कारण कागदासकट सांगावे: आजारपण असेल तर डॉक्टरांचा दाखला, पत्ता बदलला असेल तर नव्या पत्त्याचा पुरावा. आपल्या पायांनी आलेल्या माणसाकडे न्यायालय वेगळ्या नजरेने पाहते. कधी थोडा दंड होतो, कधी नवा जातमुचलका किंवा जामीनदार मागितला जातो. जामीनदाराकडे ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, तसेच पगारपत्रक, घरपट्टीची पावती किंवा सात-बाराचा उतारा असे ऐपत दाखवणारे काहीतरी हवे. वॉरंट रद्द झाले, की हुकुमाची नक्कल काढून ती पोलीस ठाण्यात द्यावी आणि पोच घ्यावी. न्यायालयाचा हुकूम ठाण्याच्या दप्तरी वेळेवर पोचलाच असेल, असे गृहीत धरू नये.

वॉरंटाशिवाय अटक

खून, दरोडा, बलात्कार यांसारख्या दखलपात्र गुन्ह्यांत पोलिसांना वॉरंटाची गरज नसते, हे खरे. पण अटक करता येते म्हणून ती केलीच पाहिजे, असे नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात माणूस पळून जाईल, पुरावा नष्ट करील, साक्षीदारांना धमकावील असे काही कारण असेल तरच अटक करावी आणि ते कारण लेखी नोंदवावे. अटक गरजेची नसेल, तर हजर राहण्याची लेखी नोटीस द्यावी. हुंड्याच्या छळाच्या एका प्रकरणात, अर्नेश कुमार खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे कडक शब्दांत बजावले. नोटीस मिळालेला माणूस बोलावल्याप्रमाणे हजर राहत असेल, तर एरवी त्याला अटक करता येत नाही. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही, हेही त्याच न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. नव्या संहितेत ज्येष्ठांसाठी एक तरतूद आहे: साठीच्या पुढचा किंवा विकलांग माणूस असेल आणि गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी असेल, तर पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक होत नाही.

एका पत्राची गोष्ट

अटकेच्या वेळी पोलिसांनी काय करावे, याचे नियम आज संहितेत छापलेले आहेत, पण त्यांची सुरुवात एका पत्रातून झाली. पश्चिम बंगालमधील कायदेविषयक मदत संस्थेचे अध्यक्ष डी. के. बसू यांनी ऑगस्ट १९८६ मध्ये कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. निकाल यायला दहा वर्षे लागली; डिसेंबर १९९६ मध्ये तो आला, आणि त्यात अटकेसाठी अकरा नियम घालून दिले होते.

त्यातले कुटुंबाच्या उपयोगाचे नियम असे आहेत. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची ठळक पट्टी हवी. अटकेची तारीख आणि वेळ लिहिलेला अटक पंचनामा जागेवर व्हावा. त्यावर घरातील कोणाची किंवा मोहल्ल्यातील एखाद्या प्रतिष्ठिताची साक्षीदार म्हणून सही हवी आणि अटक झालेल्याचीही हवी. घरातील माणसाने सही करण्यापूर्वी घड्याळ पाहून वेळ बरोबर लिहिली आहे ना हे तपासावे. पुढे चोवीस तासांचा हिशेब याच वेळेवरून होतो. माणसाला कुठे ठेवले आहे हे त्याच्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. अंगावर जखमा असतील तर त्यांची नोंद व्हावी. चौकशीच्या काळात वकिलाला भेटता येते, मात्र सगळा वेळ वकील शेजारी बसू शकत नाही. अंगझडतीत काढून घेतलेल्या घड्याळ-पैशांची पावती मिळते, ती घ्यावी.

वॉरंट असेल तर त्यातला मजकूर पोलिसाने सांगायचा असतो आणि मागितल्यास कागद दाखवायचा असतो. त्यावर न्यायाधीशांची सही व न्यायालयाचा शिक्का आहे का, नाव आपलेच आहे का, हे पाहून घ्यावे. एकाच नावाची दोन माणसे एका गावात असणे आपल्याकडे नवीन नाही. दार अडवून धरण्यात मात्र अर्थ नाही. ज्याला अटक करायची तो आत असल्याचे मानायला कारण असेल, तर पोलिसांना घरात शिरता येते. अटक का झाली, ते कळण्याचा हक्क तर घटनेनेच दिला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुढे जाऊन सांगितले, की ही कारणे लेखी, त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यावीत. लगेच देणे शक्य नसेल तर निदान कोठडीसाठी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या दोन तास आधी तरी द्यावीत. हैदराबादेत पकडलेल्या मराठी माणसाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

स्त्रियांसाठी नियम अधिक काटेकोर आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक प्रसंग असला तरी महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची असते. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल, तर स्त्रीला, पंधरा वर्षांखालच्या मुलाला, साठीच्या पुढच्या किंवा आजारी माणसाला ठाण्यावर येण्याची सक्ती करता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, हेही फार थोड्यांना ठाऊक असते. फिर्याद, अटक पंचनामा आणि पावती यांवर सही असते, जबाबावर नाही.

चोवीस तास आणि त्यानंतर

‘शुक्रवारी संध्याकाळी उचलले, म्हणजे सोमवारपर्यंत आत,’ ही समजूत चित्रपटांनी पक्की केली आहे. ती खोटी आहे. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करावेच लागते, मग रविवार असो की दिवाळी. सुटीच्या दिवशीही त्यासाठी न्यायदंडाधिकारी नेमलेले असतात. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्कच आहे आणि तो पोलीस ठाण्यातच मिळतो. अजामीनपात्र गुन्ह्यात ‘जामीन मिळतच नाही’ असा अर्थ नाही. तो न्यायालयाच्या मर्जीवर असतो, इतकेच. अटकेची रास्त भीती असेल, तर सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात अटकपूर्व जामीन मागता येतो. गंमत म्हणजे उत्तर प्रदेशात ही सोय १९७६ मध्ये काढून टाकलेली होती आणि ती परत यायला २०१९ उजाडले. तपास ठराविक मुदतीत, म्हणजे गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांत संपून दोषारोपपत्र आले नाही, तर सर्वसाधारणपणे जामिनाचा हक्क आपोआप उभा राहतो. मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. १९८७च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीतील कोणीही, यांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. त्यासाठी १५१०० हा फोन क्रमांक आहे.

फोनवरची अटक

आता या विषयात एक नवाच भामटेपणा शिरला आहे. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या नावाने वॉरंट निघाले आहे, असे तो सांगतो आणि शिक्कामोर्तब केलेला कागदही पडद्यावर दाखवतो. मग ‘डिजिटल अरेस्ट’ची घोषणा होते: फोन बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचे नाही, घरात कोणाला सांगायचे नाही आणि चौकशी पुरी होईपर्यंत सारे पैसे ‘सुरक्षित’ खात्यात भरायचे. मुदतठेवी मोडून आयुष्याची पुंजी घालवलेली निवृत्त माणसे देशभर आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली.

अशी अटक भारतातल्या कोणत्याही कायद्यात नाही. न्यायालयाचे समन्स आता इलेक्ट्रॉनिक मार्गाने येऊ शकते, पण अटक माणसाने माणसाला प्रत्यक्ष करावी लागते आणि घरच्यांना कळवणे हे तिचे पहिले बंधन आहे. ‘घरात सांगू नका’ म्हणणारा पोलीस असूच शकत नाही. जामिनाची रक्कमही कोणी फोनवर खात्यात मागत नाही. खटला खरोखर आहे का, हे ई-कोर्ट्स या न्यायालयीन सेवेवर खटल्याच्या क्रमांकावरून किंवा नावावरून घरबसल्या पाहता येते. पैसे गेलेच असतील, तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार द्यावी. ज्या खात्यात पैसे गेले तिथून ते पुढे सरकण्याआधी गोठवता यावेत म्हणून हा क्रमांक आहे, आणि तिथे पहिले काही तासच कामाचे असतात.