विश्लेषण : गाडीचे कूलंट घरच्या घरी बदलता येते का? कोणती काळजी घ्यावी?

मे महिन्यात बोर, कसारा किंवा खंबाटकी घाट चढताना बॉनेट उघडून कडेला उभ्या असलेल्या गाड्या हमखास दिसतात. चालक पिण्याच्या पाण्याची बाटली रेडिएटरमध्ये ओततो आणि गाडी पुढे निघते. वेळ निभावते, पण तेच पाणी पुढे कायम आत राहिले तर दुखणे वाढत जाते. जुने कूलंट काढून यंत्रणा धुणे आणि नवे भरणे हे काम घरीही करता येते. ते नेमके कसे करायचे?

कूलंट नेमके काय करते?

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णता कूलंटला वाहून न्यावी लागते. कूलंट म्हणजे बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि गंजरोधक रसायने यांचे मिश्रण. निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही आणि साध्या दाबाला सुमारे १०८ अंशांवर उकळते. रेडिएटरचे झाकण आतला दाब वाढवते, त्यामुळे उत्कलनबिंदू आणखी वर जातो.

महाराष्ट्रात पाणी गोठण्याची भीती नाही. मग कूलंट कशाला? उत्तर गंजरोधक रसायनांत आहे. इंजिन, रेडिएटर आणि वॉटर पंप यांत लोखंड, अॅल्युमिनियम असे वेगवेगळे धातू असतात. गंजरोधक संपले की ते आतून झिजू लागतात. त्यात बोअरवेलचे जड पाणी पडले, तर क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतो.

ते कधी बदलायचे?

जुन्या पद्धतीचे कूलंट साधारण दोन वर्षे, तर सेंद्रिय आम्लांवर आधारित कूलंट पाच वर्षांपर्यंत टिकते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेली मुदत अंतिम मानावी. कूलंट गढूळ किंवा तांबूस दिसले, तर मुदतीची वाट पाहू नये. हिरवा, गुलाबी, निळा या रंगांना ठरलेले मानक नाही. त्यामुळे रंग जुळवून नव्हे, पुस्तिकेतील प्रकार पाहूनच खरेदी करावी.

जुने कूलंट कसे काढायचे?

इंजिन पूर्ण थंड हवे. गाडी रात्रभर उभी असेल तर उत्तम. गरम इंजिनाचे झाकण उघडले की दाब एकदम सुटतो आणि उकळते कूलंट चेहऱ्यावर, हातांवर उडते. या कामातला सर्वांत मोठा धोका हाच. इलेक्ट्रिक पंखा इंजिन गरम असताना चावी काढल्यावरही सुरू होऊ शकतो, हेही लक्षात ठेवावे.

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा. हीटर असेल तर त्याचे बटण गरमच्या टोकाला ठेवावे. रेडिएटरखाली घमेले ठेवून झाकण काढावे आणि तळाचा ड्रेन प्लग सैल करावा. काही गाड्यांत प्लग नसतो. तिथे खालच्या होज पाइपची क्लिप पकडीने सरकवून पाइप काढावा लागतो. किती लिटर निघाले, ते मोजून ठेवावे.

फ्लशिंग कसे करायचे?

प्लग बंद करून डिस्टिल्ड वॉटर भरावे आणि इंजिन सुरू करावे. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांदरम्यान उघडतो. तोवर पाणी रेडिएटरमधून नीट फिरत नाही, म्हणून पंखा सुरू होईपर्यंत थांबावे. मग इंजिन पुन्हा थंड करून पाणी काढावे. निघणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे दोन-तीनदा करावे.

मिश्रणाचा हिशेब कुठे चुकतो?

फ्लशिंगनंतर सगळे पाणी बाहेर येत नाही. बरेचसे इंजिन ब्लॉकमध्ये राहते. समजा यंत्रणेची क्षमता ५ लिटर आहे आणि ३ लिटर निघाले. आता निम्मे पाणी असलेले तयार कूलंट ३ लिटर भरले, तर त्यात ग्लायकॉलचा भाग दीडच लिटर, म्हणजे एकूण ३० टक्के. त्याऐवजी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट आणि अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर घातले की प्रमाण जुळते. उलट, नुसते कॉन्सन्ट्रेट भरणेही चूकच, कारण शुद्ध ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते.

हवा काढणे का महत्त्वाचे?

भरताना आत अडकलेली हवा कूलंटचा मार्ग अडवते. पातळी बरोबर दिसते, तरी इंजिन तापते. म्हणून नरसाळ्याने सावकाश भरावे, ब्लीड स्क्रू असेल तर त्यातून हवा काढावी. नंतर इंजिन आयडलवर चालवावे आणि ते थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी. पुढचे दोन-तीन दिवस रोज सकाळी पातळी तपासावी. अनेक नव्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो. लाल दिवा लागला तर लगेच थांबावे.

जुन्या कूलंटचे काय करायचे?

गटारात, शेतात किंवा झाडाच्या बुंध्याशी ते अजिबात ओतू नये. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड, आणि कुत्री-मांजरे ते चाटू शकतात. शरीरात त्यापासून बनणारे घटक मूत्रपिंडे निकामी करतात. लहान मुलांनाही तोच धोका. पाण्याच्या बाटलीत न ठेवता कूलंटच्याच कॅनमध्ये भरून, नाव लिहून सर्व्हिस सेंटरला द्यावे. जमिनीवर सांडलेले लगेच धुऊन-पुसून घ्यावे.

हे काम घरी कधी करू नये?

कूलंट वारंवार कमी होत असेल, ऑइल दुधाळ दिसत असेल किंवा सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केट गेलेले असू शकते. तिथे फ्लशिंगचा उपयोग नाही, मेकॅनिकच लागतो. इलेक्ट्रिक आणि हायब्रीड गाड्यांच्या बॅटरीची कूलिंग यंत्रणा वेगळी असते, तिला हात लावू नये. वॉरंटीतील गाडीचे कामही सर्व्हिस सेंटरमध्येच करावे. घाटात गाडी तापलीच, तर इंजिन बंद करून ते पुरते थंड होऊ द्यावे आणि मगच पाणी घालावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो.