जर्मनीचे वार्तापत्र : परक्या भिंतीचा ठाव

फ्रँकफुर्ट, माइन नदीकाठ

दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाडीत ज्याचे बालपण गेले, त्याला भिंतीवर कपाट टांगण्याचा प्रसंग सहसा येत नाही. कारण जांभ्याच्या हातभर जाड भिंतीत फडताळे आणि कोनाडे बांधतेवेळीच सोडलेले असतात, आणि एखादी फळी ठोकावयाची झालीच तर सुतार येऊन लाकडी गुट्टी बसवून ती तजवीज करून जातो. येथे मात्र भाड्याचे घर पुष्कळदा रिकाम्या स्वयंपाकघरासह ताब्यात मिळते. ओटा, शेगडी, कपाटे हा सारा सरंजाम जाणारा भाडेकरू आपल्याबरोबर नेतो किंवा किंमत ठरवून येणाऱ्यास विकतो. आधुनिक, बांधीव कपाटांच्या स्वयंपाकघराचा आद्य नमुना मार्गारेटे शूट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद विदुषीने 1926 साली याच शहराच्या सार्वजनिक वसाहतींसाठी सिद्ध केला आणि तशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरे येथे उभी राहिली, हे ध्यानी घेता या रिवाजाचे मला अधिकच नवल वाटले.

कारागिराची मजुरी जबर, म्हणून सामान्य गृहस्थ स्वतःच हत्यारे हाती घेतो. मीही घेतली, आणि पहिला धडा मिळाला तो असा की, कपाटापेक्षा भिंत ओळखणे महत्त्वाचे. वीट भरीव की पोकळ, हे गिरमिटातून येणाऱ्या भुकटीवरून व हाताला लागणाऱ्या विरोधावरून समजते. पोकळ असल्यास यंत्राचा ठोका बंद ठेवून नुसत्या फिरकीने छेद घ्यावा, नाहीतर आतील पातळ पडदे फुटतात. विजेच्या खटक्याच्या सरळ वर, खाली वा आडव्या रेषेत छेद घेऊ नये, कारण तारा बहुधा त्याच मार्गाने गेलेल्या असतात. छेदातील धूळ काढून मग नायलॉनची गुट्टी बसवावयाची. आपली लाकडी गुट्टी पावसाळ्यात फुगते, वैशाखात आकसते आणि खिळा ढिला पडतो. आर्टुर फिशर या जर्मन संशोधकाने 1958 साली काढलेली ही गुट्टी स्क्रू आत शिरेल तसतशी फाकते आणि भिंतीला आतून आवळून धरते. एवढ्याशा वस्तूत केवढी प्रज्ञा साठवली आहे! या गुट्ट्यांच्या आधारे पाणसळ लावून पोलादी पट्टी समतल जखडली की, शेजाऱ्याच्या मदतीने कपाट उचलून तीवर अडकवता येते आणि आतील स्क्रू फिरवून उंची नेमकी साधता येते.

माझे दोन छेद शनिवारी रात्री राहून गेले. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून 1919 च्या वायमार संविधानाने संरक्षिला, ते कलम आजच्या संविधानातही कायम आहे, आणि त्या दिवशी गिरमिट चालविणे म्हणजे शेजारधर्माचा भंग होय. साऱ्या इमारतीतील ती शांतता मला फार आवडली.

सोमवारी संध्याकाळी काम पुरे झाले. रिकामे कपाट रात्रभर तसेच ठेवले. सकाळी पट्टी केसभरही ढळली नसल्याची खात्री करून प्रथम आईने दिलेले पितळी डबे आणि त्यांच्यामागे श्रीवर्धनी रोठा सुपारीची पिशवी आत ठेवली.