किरण: तो, ती की ते?

आजचा एपिसोड एकाच नावाबद्दल आहे. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर.

मराठीत नाव कानावर पडलं की मुलगा की मुलगी हे बहुतेक वेळा लगेच कळतं. शेवटी आ किंवा ई असेल तर मुलगी, नाहीतर मुलगा. समीर-समीरा, नील-नीला. पण काही नावं या हिशेबात बसत नाहीत. त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे किरण.

आधी अर्थ बघू. किरण म्हणजे प्रकाशाची रेघ, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण शब्दाचं मूळ मजेशीर आहे. संस्कृतमध्ये 'कॄ' असा धातू आहे, त्याचा अर्थ विखुरणे, उधळणे. विकीर्ण, प्रकीर्ण, विकिरण हे सगळे त्याच घरातले शब्द. ऋग्वेदात तर 'किरण'चा एक अर्थ चक्क धूळ असा आहे, अगदी बारीक धूळ. प्रकाशाचा अर्थ नंतर रुळला. विचित्र वाटतं? दुपारी अंधाऱ्या खोलीत कौलातून येणारा कवडसा आठवा. त्यात धुळीचे कण नाचताना दिसतात ना? विखुरणारी धूळ आणि विखुरणारा प्रकाश, दोन्ही एकाच जागी.

आता खरा प्रश्न. हा शब्द 'तो' की 'ती'? संस्कृतमध्ये तो पुल्लिंगी. मराठीत आपण 'आशेचा किरण' म्हणतो, म्हणजे तो. पण 'सूर्याची किरणं' असंही म्हणतो, म्हणजे ते. आणि हिंदीत? 'उम्मीद की किरण'. म्हणजे ती! उर्दूतही तसंच. एकच शब्द, तिन्ही लिंगं फिरून आलेला. मग हे नाव कुणालाही ठेवता येतं यात नवल काय?

क्रिकेटमध्येच बघा. किरण मोरे, भारताचे यष्टिरक्षक. किरण नवगिरे, आपल्या सोलापूरची. २०२२ मध्ये महिलांच्या टी-ट्वेंटीत नागालँडकडून खेळताना तिने एका डावात १६२ धावा कुटल्या आणि मग भारताकडूनही खेळली. तिसरी पाकिस्तानची किरण बलूच. २००४ मध्ये कराचीत तिने वेस्ट इंडीजविरुद्ध २४२ धावा केल्या. महिला कसोटीतला हा सर्वोच्च वैयक्तिक स्कोअर वीस वर्षांनंतरही टिकून राहिला.

क्रिकेटबाहेरही यादी मोठी आहे. 'सात सक्कं त्रेचाळीस' लिहिणारे किरण नगरकर, पहिल्या महिला आयपीएस अधिकारी किरण बेदी, २००६ चं बुकर मिळवणाऱ्या किरण देसाई, दिग्दर्शिका किरण राव. मराठी, पंजाबी, गुजराती, सगळीकडे हे नाव चालतं. कारण साधं आहे: छोटं, जोडाक्षर नाही, आणि जवळपास प्रत्येक भारतीय भाषेत अर्थ तोच. परदेशात राहणाऱ्या आईबाबांनाही ते सोयीचं पडतं, कारण तिथे उच्चाराला मिळतंजुळतं 'कीरन' हे आयरिश नाव आधीपासून आहे. आपला मुंबई इंडियन्सवाला पोलार्ड त्याच नावाचा भाऊबंद! गंमत म्हणजे आयरिश नावाचा अर्थ अगदी उलटा: काळासावळा. आणि ते नाव मुलांचं. त्यामुळे तिथल्या एखाद्या किरण नावाच्या मुलीला ईमेलमध्ये 'मिस्टर' लागण्याची शक्यता भरपूर.

म्हणजे किरण नाव ठेवलं की मुलगा-मुलगी हा प्रश्नच मिटला? मराठीत तरी नाही. कारण आपल्याकडे नाव गप्प बसलं तरी क्रियापद बोलतं. 'किरण आला' किंवा 'किरण आली', यातलं एक निवडावंच लागतं. आदराने बोललात तरी 'आले' की 'आल्या' हे ठरवावंच लागतं. पण काही पळवाटा आहेत. 'किरणने फाइल पाठवली' म्हणा, पत्ता लागत नाही, कारण 'पाठवली' हे फाइलप्रमाणे चालतं. 'किरण उद्या येईल' म्हणा, तरी कळत नाही. ऑफिसच्या ग्रुपवर न भेटलेल्या किरणबद्दल लिहिताना आपण नकळत अशीच वाक्यं शोधतो, हो की नाही?

कागदावर आता आणखी एक बदल झालाय. पूर्वी मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी नियम केला: आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. 'किरण सुनीता रमेश पाटील' वाचून सांगा बरं, मुलगा की मुलगी? नाही सांगता येत. शिखांमध्ये तर बहुतेक नावं दोघांनाही चालतात, आणि पुढे सिंग की कौर यावरून कळतं.

पण नावाची ताकद किती, हेही समजून घ्या. किरण मजुमदार-शॉ ऑस्ट्रेलियात बिअर बनवण्याचं शिक्षण घेऊन १९७५ च्या सुमारास ब्रू-मास्टर झाल्या. भारतात परतल्यावर या कामाला बाई नको, असंच त्यांना ऐकावं लागलं. नाव 'किरण' होतं म्हणून काही फरक पडला नाही. १९७८ मध्ये त्यांनी बंगळुरूत बायोकॉन सुरू केली, ती गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. थोडक्यात काय, असं नाव अर्जाच्या कागदावर कुणाला अंदाज बांधू देत नाही. मुलाखतीच्या खोलीतला पूर्वग्रह मात्र नावाने जात नाही, तो माणसांनाच घालवावा लागतो.

तरीही बाळासाठी असं नाव शोधत असाल तर एक सोपी चाचणी सांगतो. नावापुढे 'दादा' लावून हाक मारा, मग 'ताई' लावून. किरणदादा. किरणताई. दोन्ही सहज तोंडात बसतात ना? मग नाव पास. कमलही पास होतं: तिकडे कमल हासन, इकडे लेखिका कमल देसाई. शशीही पास: शशी कपूर आणि कादंबरीकार शशी देशपांडे.

आणि बारशाला नाव पक्कं झालं नाही तर टेन्शन घेऊ नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करा. नाव मागाहूनही घालता येतं. वर्षभरात घातलं तर विलंब शुल्कही लागत नाही.

तुमच्या वर्गात किरण होता की होती? की दोघंही होते, आणि बाई हजेरी घेताना आडनावाने हाक मारायच्या? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!