घरचा संगीत सर्व्हर – लेखांक ४ : डबा कोणता घ्यायचा?

सीडींच्या फाइली गेल्या आठवड्यापर्यंत करून झाल्या. आता त्या ठेवायच्या कशावर आणि चोवीस तास चालू काय ठेवायचं, ते ठरवू. दुकानात ‘सर्व्हर’ म्हटलं की समोरचा आठ कोअर, सोळा जीबी रॅमपासूनच सुरुवात करतो. करू द्या. आपल्याला त्यातलं फारसं काही लागत नाही.

हिशेब सोपा आहे. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावं-उजवं मिळून दोन चॅनेल. गुणाकार केला की सेकंदाला १.४ मेगाबिट येतात. फ्लॅकमध्ये आवळल्यावर ते निम्म्याच्या आसपास उतरतात. ‘हाय-रेझ’ म्हणून जे २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचं संगीत चढ्या भावाने विकतात, तेही न आवळता ९.२ मेगाबिटांच्या पुढे जात नाही. १०० मेगाबिटांच्या जुन्या इथरनेटलाही हे काहीच नाही. सर्व्हरने डिस्कवरची फाइल वाचायची आणि पुढे सरकवायची, एवढंच त्याचं काम.

प्रोसेसरला खरे कष्ट दोनदाच पडतात. एकदा, सगळा संग्रह पहिल्यांदा चाळून त्याची यादी बनवताना; ते काम रात्री लावून झोपावं. आणि दुसऱ्यांदा, तुम्ही लोकलमध्ये मोबाइल डेटावर ऐकत असताना, फ्लॅकचं तिथल्या तिथे एमपी३ किंवा ओपस करून पाठवताना. घरातली दोन-तीन माणसं एकदम ऐकत असली तरी २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला हे झेपतं. त्याच डब्यावर सिनेमेही ठेवायचे असतील तर मात्र गणित बदलतं. व्हिडिओ रूपांतराला त्यासाठीचं वेगळं हार्डवेअर लागतं. पाय ५ मध्ये ते नाही. इंटेलच्या एन१०० प्रोसेसरच्या छोट्या पीसीत आहे.

बहुतेकांच्या घरात आधीच पडून असतो तो जुना डेस्कटॉप. फुकट आहे म्हणून तो लावावासा वाटतो. पण असा पीसी नुसता बसल्या जागी ६० वॅट खात असेल तर महिन्याला ४३ युनिट झाली. एसएसडी जोडलेला पाय पाच वॅटच्या आसपास धरला, तर महिन्याला चार युनिटही होत नाहीत. फुकटचा डबा वीजबिलात पैसे वसूल करतो.

जुना लॅपटॉप त्याहून बरा. स्क्रीन बंद असली की तो थोडक्या विजेत भागवतो आणि त्याचा यूपीएस त्याच्या पोटातच असतो. वीज गेली तरी डिस्कवरचं लिखाण अर्धवट तुटत नाही. एकच पथ्य: सतत चार्जिंगला लावलेली बॅटरी फुगू शकते. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला किंवा दाबल्यावर टकटक होईनाशी झाली, तर त्याच दिवशी लॅपटॉप बंद करून बॅटरी काढून घ्या. कंपनीने चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवायची सोय दिली असेल तर ती आधीच चालू करावी.

रास्पबेरी पाय घेणाऱ्यांनी अ‍ॅडॉप्टरवर कंजुषी करू नये. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. मोबाइलच्या चार्जरवर तो सुरू होतो, दिवसभर चालतोही, आणि डिस्कने जरा जास्त वीज ओढली की ऐन द्रुत बंदिशीत गाणं तुटतं. लोक मग दोष वाय-फायला देत बसतात. चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात. त्यामुळे एक एसएसडी चालेल, पण ३.५ इंची मोठ्या डिस्कला स्वतःचा वेगळा अ‍ॅडॉप्टर हवा. शिवाय सगळा कारभार मेमरी कार्डावर ठेवू नका. यादीचा डेटाबेस सारखा लिहिला जातो आणि कार्ड त्याने झिजतं. पाय ४ यूएसबीवरूनही बूट होतो, तेव्हा सगळं एसएसडीवरच बसवा.

माझी स्वतःची पसंती विचाराल तर ऑफिसांतून बाहेर पडलेले, पुस्तकाएवढे सेकंडहँड मिनी पीसी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जाऊन आलं की भाव कळतो. दुकानदाराला एक गोष्ट करून दाखवायला सांगा: बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग चालू करा, मशीन चालू असतानाच प्लग काढा, पुन्हा लावा. पीसी बटण न दाबता उठला पाहिजे. नाहीतर तुम्ही गावाला असताना घरची वीज जाते आणि तुमचा संग्रह घरी परतेपर्यंत मुका. पायला ही सेटिंग लागत नाही. वीज आली की तो उठतोच.

पैसे घालायचे ते डिस्कवर. तासाभराची सीडी फ्लॅकमध्ये साधारण साडेतीनशे एमबी, म्हणजे १ टीबीत अडीच हजारांवर सीडी मावतात. फिरती डिस्क स्वस्त पडते, पण तिची घरघर असते. नुसते तानपुरे लागलेत आणि गायकाने अजून षड्ज लावलेला नाही, तेव्हा ती हमखास ऐकू येते. डबाच पॅसेजमध्ये, राउटरशेजारी ठेवा आणि राउटरला वायरनेच जोडा. ‘ऑडिओफाइल’ सर्व्हर आणि महागड्या नेटवर्क केबलींनी आवाज खुलतो म्हणतात. माझा त्यावर विश्वास नाही. फाइलचे बिट जसेच्या तसे पोचतात, वाटेत चूक झाली तर पुन्हा मागवले जातात. ते पैसे स्पीकरला द्यावेत.

आणि डिस्क एक नव्हे, दोन घ्या. एकमेकींचा आरसा म्हणून लावलेल्या दोन डिस्का, म्हणजे रेड, एक बिघडली तर वाचवतात. पण फोल्डर चुकून पुसलं तर दोन्हींवरून पुसलं जातं. दुसरी प्रत सुटी असावी, महिन्यातून एकदा जोडावी आणि जमल्यास भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवावी. सीडी पुन्हा मिळेल. आजोबांनी गणेशोत्सवातल्या बैठकीत टेप केलेली कॅसेट मिळणार नाही.

पुढच्या लेखांकात सर्व्हरचं सॉफ्टवेअर नॅव्हिड्रोम घ्यायचं की लिरियन ते पाहू, आणि राग, गायक, नाटक यांचे टॅग देवनागरीत कसे भरायचे तेही.