आमचे डोंगर व पृथ्वीच्या पोटांतील अग्नि

पन्हाळा व जोतिबा हे डोंगर पूर्वीं ज्वालामुखी होते, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत असते. भूगोलाच्या पुस्तकांत शिखरास तोंड असलेल्या पर्वताचें चित्र त्यांनीं पाहिलेलें असतें, आणि आपल्या डोंगरांचा दगडहि काळा. मग असें वाटणें साहजिक आहे. परंतु ही समजूत अर्धीच खरी आहे.

गेल्या सुटींत आम्ही उभयतां मोटारीनें हीं दोन्ही स्थळें पाहून आलों. शिवाजी पूल ओलांडून केर्लीस आलें कीं तेथून जोतिबाची वाट फुटते. तीच सडक धरून पुढें गेल्यास वाघबिळापासून पन्हाळ्याचा घाट लागतो. हे डोंगर दुरून नीट न्याहाळले, तर त्यांच्या अंगावर जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात. येथील एकेक थर म्हणजे पसरून थिजलेल्या तप्त शिलारसाचा एकेक लोट होय. थराचा मधला भाग घट्ट असतो, म्हणून तेथें कडा उभा राहतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनीं सच्छिद्र झालेला असतो, म्हणून तो लवकर झिजून पायरी पडते.

हा रस एखाद्या शिखराच्या मुखांतून आला नाहीं. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूपृष्ठास पडलेल्या लांबच लांब भेगांतून तो वारंवार वर आला व महापुराप्रमाणें पसरला. आजहि त्याच्या खडकानें सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापिला आहे. पुढें पावसानें व नद्यांनीं त्यांत दऱ्या कोरल्या. जें कोरलें गेलें नाहीं, तोच पन्हाळा व तोच जोतिबा! अर्थात् हे डोंगर खालून उसळून उंच झालेले नाहींत. भोंवतालची भूमि झिजल्यामुळें ते उंच राहिले आहेत.

पन्हाळ्याच्या माथ्यावर मात्र तांबडा जांभा दगड आढळतो. तोहि मूळचा काळा दगडच. युगानुयुगांच्या पावसानें त्यांतील विरघळणारीं द्रव्यें वाहून गेलीं व लोखंडाचा अंश मागें राहिला. त्याचाच हा गंजासारखा रंग. खालीं पंचगंगेकांठची जी काळी माती ऊंस पोसते, तीहि याच खडकाच्या झिजेची देणगी आहे.

"मग हा अग्नि पुन्हां जागा होईल काय?" असा प्रश्न आमच्या सहचारिणीनें केला. त्याचें उत्तर असें कीं, पुष्कळ भूशास्त्रज्ञांच्या मतें ती भट्टी हिंदी महासागरांतील रीयुनियन बेटाखालीं राहिली, आणि आपली भूमि उत्तरेकडे सरकत दूर निघून आली. त्या बेटावरील ज्वालामुखी अद्यापि जागृत आहे. भारतांतील जागृत ज्वालामुखी अंदमानच्या समुद्रांत बॅरन बेटावर असून, दीर्घ विश्रांतीनंतर १९९१ सालीं त्याचा पुन्हां उद्रेक झाला. कोल्हापूरकरांस तशी भीति नाहीं.

तेव्हां विद्यार्थ्यांनो, पुढील वेळीं जोतिबास अथवा पन्हाळ्यास जाल तेव्हां डोंगराच्या पायऱ्या अवश्य मोजा. पालकांनींहि मुलांसाठीं घटकाभर गाडी थांबवावी. पुस्तकांतील चित्रापेक्षां मोठा धडा आपल्या वाटेवरच उघडा पडलेला आहे.